उजवीकडची खुर्ची

मानसशास्त्र आणि गुन्हेशास्त्राच्या विभागात तिला सगळे ‘बर्फाची आई’ म्हणायचे. तिला प्रत्यक्ष कुणी पाहिलं नव्हतं, पाहिला होता तो तिचा चार मिनिटांचा व्हिडिओ. चेहऱ्याच्या जागी धूसर डाग, आवाज यंत्रातून घोगरा केलेला, चित्र खांद्यांपाशी कापलेलं. मुलगा चोरीत पकडला गेलाय, एक माणूस तिला त्याच्याबद्दल विचारतोय, आणि ही बाई त्या माणसाकडे ढुंकून बघत नाही. त्याच्या खांद्यावरून पलीकडे, खिडकीकडे बघत बसते. प्रश्न आला की गप्प. मग केव्हातरी उशिरानं एक वाक्य, तेही कोरडं ठक्क.

शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक बॅचला हा व्हिडिओ ‘कोड’ करावा लागे. म्हणजे थोडा पुढे न्यायचा, थांबवायचा, आणि माणूस त्या क्षणी काय करतोय ते ठरलेल्या शब्दांत लिहायचं: नजर टाळते, उत्तर लांबवते, भावना दाखवत नाही. मग आपली उत्तरं सरांनी केलेल्या उत्तरसूचीशी ताडून बघायची. जितकी जुळली तितकी तुमची नजर तयार झाली, असा विभागाचा हिशेब.

सरांचं खरं नाव विद्यार्थी केव्हाच विसरले होते. कुणी काहीही सांगितलं तरी मान एका बाजूला झुकवून ते ‘इंटरेस्टिंग’ म्हणत, म्हणून ते इंटरेस्टिंग सर. घराला आग लागली असं सांगितलं असतं तरी आधी इंटरेस्टिंग म्हणाले असते, मग बादली शोधली असती.

आणि ठिणगी हेही काही खरं नाव नव्हे. ते तिच्या मोठ्या भावानं लहानपणी ठेवलेलं. राग कायम नाकाच्या शेंड्यावर, त्यामुळे नाव असं चिकटलं की विद्यापीठातही तिच्या आधी तेच पोचलं. सरावाच्या तासाला वर्गात सगळ्यात जास्त उत्तरं ठिणगीची जुळली. सरांनी तिचा कागद वर धरून वर्गाला दाखवला. म्हणाले, “इंटरेस्टिंग. हिला दिसतं.”

त्या संध्याकाळी ती घरी हवेत तरंगतच आली. आई लॉन्ड्रीतून परतली होती, पाय स्टुलावर टाकून चहा पीत बसली होती. ठिणगी नेहमीसारखी तिच्या उजवीकडच्या खुर्चीत बसली आणि तिनं बर्फाच्या आईची गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली.

“मुलगा आत चाललाय आणि ही खिडकीतून बाहेर बघतेय. आहे का नाही कमाल?”

आईनं चहाचा कप खाली ठेवला. “दमली असेल बिचारी.”

“दमलेली माणसं रडतात, आई.”

“थोडी दमलेली रडतात,” आई म्हणाली. “फार दमलेली नाही रडत.”

“झालं! आता तू मला मानसशास्त्र शिकव,” असं म्हणून ठिणगी हसली आणि कपडे बदलायला उठली. हे हसणं तिला पुढे फार महाग पडलं.

पुढच्या आठवड्यात सरांनी अख्खा व्हिडिओ लावला. पुढची परीक्षा त्याच्यावरच होणार होती. बाई तीच, डाग तोच, फक्त या वेळी चित्र कापलेलं नव्हतं. टेबल दिसत होतं. टेबलावरचे हात दिसत होते. मुलाखत घेणाऱ्या माणसानं, म्हणजे चार वर्षांपूर्वीच्या सरांनीच, तिच्यापुढे कागदी रुमालांचा डबा सरकवला. रड, असं तोंडानं न सांगता सांगायची ही रीत. बाईनं एक रुमाल घेतला. डोळ्यांना लावला नाही. टेबलावर ठेवला, कडेला कड जुळवली, घडी घातली, अंगठ्याच्या नखानं घडीवरून रेघ ओढली, पुन्हा घडी घातली. उजव्या मनगटावर इस्त्रीच्या पाट्यानं भाजल्याचा, लांबट, गुळगुळीत डाग होता.

“ही पोराचीपण घडी घालून कपाटात ठेवेल,” मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, आणि वर्ग खो खो हसला.

ठिणगी हसली नाही. तो डाग पडला तेव्हा बर्फ आणायला तीच धावली होती. त्या नखाची रेघ तिच्या शाळेच्या गणवेशावर वर्षानुवर्षं होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि तिथेच थांबली, कारण ओरडायला तोंडच उघडेना. आपल्याच हातांनी आपण आईच्या नावापुढे ‘भावना दाखवत नाही’ लिहिलं. लिहिलं, आणि शाबासकी घेतली.

तिचा दादा चार वर्षांपूर्वी एकोणीस वर्षांचा होता. तो, एक मित्र आणि एक मूर्खपणा. गोदामाचं कुलूप तोडलं, पहारेकरी धावून आला, झटापटीत पडला, त्याचा हात मोडला. ढकलणारा कोण, ते शेवटपर्यंत ठरलं नाही. दोघांचा गुन्हा एक, दोघांचं वय एक. पण कोर्टानं दोघांच्या घरचा अहवाल मागवला, आणि मित्राची आई अहवाल घेणाऱ्यापुढे धाय मोकलून रडली. मित्राला देखरेखीवर घरी सोडलं. दादाच्या अहवालात, म्हणजे सरांनी याच मुलाखतीवरून केलेल्या, लिहिलं होतं, ‘आईचा भावनिक आधार नाही, घरी पाठवण्यात अर्थ नाही.’ दादा आत गेला. मग गल्लीतल्या प्रत्येकाकडे त्याच्या वाया जाण्याचं एकेक कारण तयार होतं. बाप नसलेलं पोर, वाईट संगत, आईचं लक्ष नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला. त्या कारणांना कंटाळून ठिणगीनं हा विषय घेतला होता. तिला खरं कारण हवं होतं. विभागात तिनं भावाबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

आणि आईचा डावा कान? तो लॉन्ड्रीच्या यंत्रांनी ठिणगी शाळेत असतानाच खाल्ला होता. त्या कानानं आईला ठार ऐकू येत नसे. घरात याची कुणाला आठवणही नसे, इतकं ते अंगवळणी पडलेलं. आईशी बोलायचं तर उजवीकडे बसायचं, जसं दारातून जायचं तर दार उघडायचं. दादाचा एक जुना विनोद होता: लोक एका कानानं ऐकतात आणि दुसऱ्यानं सोडून देतात, आपल्या आईकडे सोडून द्यायची सोयच नाही, एकदा आत गेलं की आतच राहतं. तर अशा बाईच्या डावीकडे इंटरेस्टिंग सर खुर्ची टाकून बसले होते. उगाच नाही, पद्धतीनं. सरांची पद्धत विभागात पाठ होती: समोरासमोर बसायचं नाही, माणूस बिचकतो. टेबलाच्या कोपऱ्याला काटकोनात बसायचं, मुलाखत घेणारा डावीकडे, कॅमेरा उजवीकडे. आवाज हळू, शांत. गेली कित्येक वर्षं प्रत्येक बॅच तसंच बसायला शिकत होती. बाईनं खिडकीकडे तोंड का केलं? कारण चांगला कान त्या हळू, शांत आवाजाकडे न्यायचा तर मान सरांच्याही पलीकडे वळवावी लागत होती. बस्स, एवढंच होतं सगळं.

तास संपल्यावर ती सरांच्या खोलीत गेली. दार वाजवायचं भान राहिलं नाही.

“ती माझी आई आहे.”

सर कुंडीला पाणी घालत होते. त्यांनी झारी खाली ठेवली आणि मान एका बाजूला झुकवली. ते तो शब्द उच्चारणार एवढ्यात ठिणगीचा चेहरा बघून थांबले.

“बस,” ते म्हणाले.

“नाही बसत. तिला डाव्या कानानं ऐकू येत नाही. तुम्ही डावीकडे बसला होतात. ती नजर टाळत नव्हती, ऐकायचा प्रयत्न करत होती.”

“श्रवणदोषाचा उल्लेख कुठेच नाही.”

“तुम्ही विचारलंत?”

“त्यांनी सांगितलं नाही.”

“ऐकू आलं असतं तर सांगितलं असतं ना!”

सरांनी खुर्चीत बसून हातांची बोटं एकमेकांत गुंतवली. आवाज तोच, हळू, शांत. “हे बघ, तुझा राग मला समजतो. कुटुंबात असं घडतं तेव्हा आपण कारण बाहेर शोधतो. नाकारणं ही पहिली पायरी असते. तू शेवटच्या वर्षाला आहेस, हे तुला मी सांगायला नको.”

झालं. रागावली तर नाकारतेय, गप्प बसली तर मान्य करतेय, रडली असती तर तेही कुठल्यातरी पायरीवर बसवलं असतं त्यांनी. तीन वर्षं ज्या पायऱ्या तिनं पाठ केल्या त्याच आता तिच्या पायाखाली सरकवल्या जात होत्या. टेबलावर काचेचं जड पेपरवेट होतं. ठिणगीनं दोन्ही हात पाठीमागे धरले.

“वर्गात दाखवायला परवानगी कुणी दिली?”

“तुझ्या आईंनी. सही आहे.”

“तिला काय सांगितलं होतंत?”

“की यानं पुढे मुलांना मदत होईल.”

“मुलांना! तिला वाटलं असणार, तिच्या मुलाला.”

सरांनी पेपरवेट आपल्याकडे ओढून घेतलं. मग म्हणाले, “आणखी एक. ही ओळख तू वर्गात उघड केलीस, तर तो गोपनीयतेचा भंग होईल. तुझ्याकडून. तुझी पदवी अडकेल.” चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच, फक्त अत्यंत सभ्य आवाजातल्या.

“दादाच्या सुटकेचा विचार पुढच्या महिन्यात होणार आहे,” ठिणगी म्हणाली. “तुमचा अहवाल अजून त्याच्या फायलीत आहे.”

“नवा अहवाल होईल. नवी अधिकारी तुमच्या घरी येईल. ती स्वतः बघेल आणि लिहील.”

“कोण?”

“आपलीच विद्यार्थिनी,” सर म्हणाले, आणि त्या खोलीत पहिल्यांदाच त्यांना मनापासून आनंद झालेला दिसला. “गेल्या वर्षीची पहिली.”

म्हणजे बर्फाच्या आईवरच शिकलेली. आगीतून फुफाट्यात.

घरी आल्यावर ठिणगीनं आईला सगळं सांगितलं. मध्ये थांबली नाही, कारण थांबली असती तर बोलता आलं नसतं. वर्ग हसला ते मात्र गाळलं. आई ऐकत राहिली. हातात पुसायचं फडकं होतं, त्याची तिनं घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

“तो माणूस वाईट नव्हता गं,” ती शेवटी म्हणाली. “फार हळू बोलायचा एवढंच.”

“तू त्याला सांगितलं का नाहीस? ‘इकडून या, मला तिकडून ऐकू येत नाही’, एवढं एक वाक्य!”

“सांगितलं असतं तर काय झालं असतं? ते सगळं कागदावर जातं. लॉन्ड्रीत कळलं असतं. इस्त्रीच्या मोठ्या प्रेसला घंटी असते, पाटा खाली यायच्या आधी वाजते. घंटी ऐकू न येणाऱ्या बाईला तिथे कोण उभं करतं?”

“तुला घंटी ऐकू येते?”

“पायाला कळते. फरशी हलते.” आईनं फडकं बाजूला ठेवलं. “आणि दुसरं असं की, ज्या आईला धड ऐकू येत नाही ती पोराकडे काय लक्ष देणार, असं लिहिलं असतं तर?”

इकडे आड, तिकडे विहीर. कमावणारं माणूस घरी असलं तरच दादाला घरी सोडणार. कान सांगावा तर नोकरी जाणार, न सांगावा तर बर्फाची आई ठरणार. ठिणगीला कुणाला मारावं ते कळेना. मग जी समोर होती तिच्यावरच ती चिडली.

“ठीक आहे. आपण सराव करू. मी अधिकारी. मी विचारते, तू माझ्याकडे बघून उत्तर दे. आणि जमलं तर थोडी रड.”

“रडू?”

“हो, रड! सगळ्या जगाच्या आया रडतात!”

ठिणगी खुर्ची ओढून समोर बसली. विभागातला आवाज काढला, हळू, शांत. विचारलं, “मुलगा घरी आला तर तुम्हाला काय वाटेल?” आईची मान आपोआप वळली. नजर भांड्यांच्या फळीवर गेली.

“माझ्याकडे बघ.”

आईनं बघितलं. ठिणगीनं पुन्हा विचारलं. आईची मान पुन्हा वळली.

“माझ्याकडे बघ म्हणतेय ना! इतकं साधं जमत नाही तुला? याच्यामुळे दादा आत गेलाय!”

बोलून गेली आणि जीभ चावली. आई तिच्याकडे बघत होती. सरळ, डोळ्यांत डोळे घालून.

“एक काहीतरी सांग मला,” आई म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण ठिणगीला तो घरात कधी इतका रागावलेला ऐकल्याचं आठवेना. “बघू, की ऐकू? दोन्ही नाही होत. मी चार वर्षं दर भेटीला जाळीला कान लावून त्या पोराचं बोलणं ऐकते. तो बोलतो तेव्हा मला त्याचा चेहरा दिसत नाही. मी निवडलंय. तुमच्या शाळेत त्याला काय म्हणतात ते मला माहीत नाही.”

ठिणगी उठून आईच्या उजवीकडे जाऊन बसली. मग आईनं तिच्याकडून शब्द घेतला: कानाचं कुणाला सांगायचं नाही. ठिणगीनं दिला, दात ओठ खात दिला.

पण खुर्ची हलवायची नाही असा शब्द कुणी घेतला नव्हता. अधिकारी यायच्या दिवशी ठिणगीनं सकाळी कपडे वाळवायचा स्टँड, शिलाई मशीन आणि जुन्या मासिकांचा ढीग आईच्या खुर्चीच्या डाव्या बाजूला रचला. डावीकडे मांजरालाही बसायला जागा ठेवली नाही. उजवीकडे एक चांगली खुर्ची, उशीसकट.

“घर आवरायचं सोडून पसारा मांडलास,” आई म्हणाली.

“हाच आवरलेला आहे.”

अधिकारी दुपारी आली. ठिणगीपेक्षा एक वर्षानं मोठी, कडक इस्त्रीचा शर्ट, हातात फाईल. विभागात पहिली आली म्हणून तिला सगळे ‘पहिली’च म्हणत. ठिणगीला बघून ती दचकली.

“तू इथे?”

“मी इथेच राहते. तो माझा भाऊ आहे.”

पहिलीच्या चेहऱ्यावर दोन-तीन प्रश्न एकदम आले, पण ती शिकलेली होती. तिनं ते गिळले. “मग तुला आत थांबावं लागेल. नातेवाइकांसमोर मुलाखत घेत नाहीत, माहितेय तुला.”

माहीत होतं. ठिणगी स्वयंपाकघरात गेली. मध्ये पातळ फळीची भिंत होती. तिला पहिलीची नमस्काराची दोन वाक्यं ऐकू आली, आईचं ‘बसा ना’ ऐकू आलं, आणि मग फरशीवरून काहीतरी सरकवल्याचा आवाज आला. आधी स्टँड. मग शिलाई मशीनची चाकं. मग खुर्ची.

“असू द्या, असू द्या, मी करते,” पहिली म्हणत होती. “आमची बसायची एक पद्धत असते.”

मग तो आवाज. हळू, शांत. सरांचाच, फक्त बाईचा. “मुलगा घरी आला, तर तुम्हाला काय वाटेल?”

शांतता.

स्वयंपाकघरात ठिणगीनं फळीला कान लावला. पुन्हा तोच प्रश्न आला, आणखी हळू. पेन कागदावर चालल्याचा आवाज आला. त्या पेनानं काय लिहिलं हे ठिणगीला न बघता सांगता आलं असतं, कारण तिनंही तेच लिहिलं होतं.

ती बाहेर आली. पहिलीच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली आणि खुर्ची ओढली, पहिलीसकट. फरशी किंचाळली. पहिलीही.

“काय करतेयस?”

“जागा बदल. तिकडे बस.”

“हा मुलाखतीत हस्तक्षेप आहे. मला लिहावं लागेल.”

“लिही! मोठ्या अक्षरात लिही! पण तिकडे बसून लिही!”

“का पण?”

ठिणगीनं तोंड उघडलं आणि मिटलं. शब्द दिला होता. रागानं तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि त्याचाही तिला राग आला. “तुला तीन वर्षं काय शिकवलं?” ती म्हणाली. “बघायला शिकवलं ना? मग बघ की तिच्याकडे! ती कुठे बघतेय ते नको, का बघतेय ते बघ!”

“उद्या मी सरांना…”

“मला डाव्या कानानं ऐकू येत नाही,” आई म्हणाली.

ठिणगीनं खुर्ची सोडली. आई टेबलाकडे बघत होती. पहिलीनं पद्धतीप्रमाणे सुरुवातीलाच कागदी रुमालांचा डबा पुढे ठेवला होता. त्यातल्या एका रुमालाची लहान, चौकोनी, धारदार घडी आईच्या अंगठ्याखाली होती, आणि शेजारी मनगटावरचा तो लांबट डाग.

पहिलीनं ते बघितलं. तिच्या हातातलं पेन थांबलं. ती घडीकडे बघत राहिली, मग डागाकडे, मग आईच्या चेहऱ्याकडे, ज्याच्यावर आज धूसर काही नव्हतं. तिचे कान लाल झाले.

“मला पैकीच्या पैकी होते,” ती अगदी बारीक आवाजात ठिणगीला म्हणाली. “त्या व्हिडिओला.”

“मलाही जवळजवळ,” ठिणगी म्हणाली.

पहिली उठली. स्वतःची खुर्ची स्वतः उचलली, ओढली नाही, आईच्या मागून वळसा घालून उजवीकडे ठेवली. बसली. लिहिलेल्यावर काट मारली. मग नेहमीच्या, मोठ्या, थोड्या चिरक्या आवाजात विचारलं, “काकू, तो आला तर कसं करणार आहात?”

आणि आई बोलायला लागली. दादा कुठल्या खोलीत झोपेल, त्याला उशी दोन लागतात, तो आल्यावर आठवडाभर कुणी काही विचारायचं नाही असं तिनं कसं ठरवलंय, पहारेकऱ्याच्या घरी ती स्वतः कशी जाऊन आली आणि त्यांनी दार कसं लावून घेतलं, आणि तरी ती पुन्हा कशी जाणार आहे. हे शेवटचं ठिणगीलाही ठाऊक नव्हतं. चहा गार झाला तरी आई बोलत होती. ती एकदाही रडली नाही. पहिलीनंही रुमालांचा डबा पुन्हा पुढे केला नाही.

दुसऱ्या दिवशी आईनं लॉन्ड्रीत जाऊन कानाचं स्वतःच सांगितलं. दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा बरं, म्हणाली. मुकादमानं तिला प्रेसवरून काढलं आणि मागच्या टेबलावर घड्या घालायला बसवलं, जिथे नव्या मुली बसतात. इतक्या वर्षांच्या कामाची ही बढती. आई त्यावर एवढंच बोलली, की प्रेसपाशी उन्हाळ्यात फार उकडायचं.

परीक्षेला तोच व्हिडिओ होता. सर दाराशी उभे होते. ठिणगीच्या बाकापाशी ते जरा रेंगाळले आणि पुढे गेले. बाई खिडकीकडे वळली, वर्गातली सगळी पेनं एकदम चालली. ठिणगीनंही लिहिलं: ऐकते आहे. व्हिडिओ पुढे गेला, बाई गप्प राहिली. ठिणगीनं लिहिलं: ऐकते आहे. घडी घालतानाही तेच लिहिलं. कागद भरून तिनं एकच वाक्य इतक्या वेळा लिहिलं की शेवटी हात दुखायला लागला. त्यातलं एकही उत्तर सूचीशी जुळलं नाही. त्या विषयात ती नापास झाली आणि पुढच्या वर्षी पुन्हा बसावं लागेल असं तिला कळवण्यात आलं. कागदाच्या कोपऱ्यात सरांनी पेन्सिलीनं बारीक अक्षरात ‘इंटरेस्टिंग’ लिहिलं होतं. तिनं तो कागद फाडला नाही. त्यांना कधीतरी तो वर्गासमोर वाचून दाखवायला लावायचा, असं मात्र ठरवलं.

दादाच्या सुटकेचा निर्णय झाला. कागदपत्रात पहिलीच्या अहवालाचा उल्लेख होता. सरांचा जुना अहवाल चुकीचा होता, असं मात्र कुणीही कुठेही म्हटलं नाही.

दादा बाहेर आला तेव्हा आई फाटकासमोर उभी होती आणि ठिणगी तिच्या मागे. लोखंडी दार उघडलं. दादा बारीक झाला होता, केस कानांजवळ विरळ झाले होते. तो आईच्या डाव्या बाजूनं आला, कारण दार त्या बाजूला होतं. अगदी जवळ आला. तोंड उघडलं नाही. तिच्यासमोरून वळसा घालून उजवीकडे गेला, आणि मगच म्हणाला, “आई.”

चार पावलं. ठिणगीनं मोजली नाहीत, तिला ती दिसली. आनंद व्हायला हवा होता. दादा आईच्या खांद्यावर डोकं टेकवून उभा होता, आई त्याच्या शर्टाची चुरगळलेली कॉलर नखानं सरळ करत होती, आणि ठिणगी फाटकासमोर उभी राहून रागानं थरथरत होती. चार पावलं. एवढंच करायचं होतं सरांना.